उधारीची वही, गावचा ग्रुप आणि आपली तत्त्वं: मोबाइलवरच्या सेवा तुम्ही कशा निवडता?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. भडगाव तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि बायको बघतो. बियाणं, खत, औषधं. आपल्याकडे असलं दुकान उधारीशिवाय चालत नाही, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मृगाआधी बियाणं उचलायचं आणि कापूस विकला की पैसे द्यायचे. मधला सगळा हिशोब वहीत.

त्या वहीत गावाची काय काय माहिती असते! कोणाची दुबार पेरणी झाली, पोरीच्या लग्नामुळे कोणाचं मागच्या सालचं राहिलं, कोणत्या दोन भावांनी खातं वेगळं केलं, कोणत्या घरातून आता बाईमाणूस सही करायला येते. वडील एका गिऱ्हाइकाचं पान उघडायचे तेव्हा समोरच्या पानावर तळहात ठेवायचे, दुसऱ्याचा आकडा दिसू नये म्हणून. मी लहानपणापासून ते बघत आलोय.

मागच्या हंगामात उधारीचं एक मोफत ॲप घेतलं. लिहिणं सोपं, बेरीज आपोआप. सुरुवातीलाच त्याने फोनमधले सगळे नंबर आणि एसएमएस वाचायची परवानगी मागितली. काही महिन्यांनी ॲपमध्येच कर्जाची जाहिरात आली: तुमची येणी इतकी आहेत, त्यावर इतकं कर्ज मिळेल. येण्याचा आकडा रुपयाला रुपया बरोबर होता. त्याच सुमारास ॲपने आपणहून गिऱ्हाइकांना बाकीची आठवण देणारे मेसेज पाठवले. एका वयस्कर गिऱ्हाइकाच्या घरात मोबाइल एकच, तो सुनेकडे असतो. ती उधारी त्यांनी घरात सांगितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, काही बोलले नाहीत, पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि गेले. कापूस अजून झाडावर होता. ते पैसे त्यांनी कुठून आणले असतील, हे डोक्यातून जात नाही.

काही ठिकाणी आपल्याला निवड नसते. अनुदानाचं खत द्यायचं तर पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा लागतो. २०१८ पासून देशभर तसंच आहे. पण उधारी कुठे लिहायची, पैसे कशावर घ्यायचे, गिऱ्हाइकांचा ग्रुप कशावर ठेवायचा, हे मीच ठरवतो. माझं तत्त्व साधं आहे: माणसाने विश्वासाने सांगितलेलं त्याला न विचारता तिसऱ्याला द्यायचं नाही. हे धरून चालायचं तर सेवा कशी पारखायची? तुम्ही काय बदललं, काय जमलं, काय सोडून द्यावं लागलं?

---

पांझरेचं पाणी (धुळे, सध्या पुणे)

जिभाऊ, विषय काढलात ते फार बरं केलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो.

कोणतीही सेवा घेण्याआधी मी एकच बघतो: ही कंपनी पैसे कोणाकडून घेते? माझ्याकडून घेत असेल तर मी गिऱ्हाईक. घेत नसेल तर दुसरं कोणीतरी गिऱ्हाईक आहे, आणि त्याला काय विकलं जातंय ते शोधायचं. तुमच्या ॲपचं उत्तर त्या जाहिरातीतच आहे. त्याचं गिऱ्हाईक कर्ज देणारी संस्था. उधारी लिहून घेणं हे निव्वळ माहिती गोळा करण्याचं साधन.

व्हॉट्सॲपचं उदाहरण घ्या. २००९ साली निघालं तेव्हा जाहिरात नको असं मालकच म्हणायचे, वर्षाला एक डॉलरच्या आत फी होती. २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घेतलं. २०१६ मध्ये फी गेली, त्याच वर्षी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आलं आणि त्याच वर्षी फेसबुकशी माहिती वाटून घेण्याची अटही आली. तिन्ही एकाच वर्षात. २०२१ च्या सुरुवातीला ती अट आणखी सक्तीची झाली. त्यावरून आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड केला.

एन्क्रिप्शनमुळे मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरं आहे. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं, हे तिला कळतं. तुम्ही ज्या माणसाबद्दल लिहिलंय, त्याने खताच्या दुकानदाराला आणि मग सावकाराला फोन केला एवढं कळलं, तरी आतला मजकूर कळायची गरज उरत नाही.

---

सराफकट्टा (जळगाव)

भाऊ, तुमचा त्रास समजला आणि राग रास्त आहे. पण धंद्याच्या बाजूने एक बोलतो. माझं जळगावात सोन्याचं दुकान आहे. सकाळी दहाच्या आत भावाचा मेसेज नाही टाकला तर गिऱ्हाईक फोन करून विचारतं. ते सगळे व्हॉट्सॲपवर आहेत. मी उद्या माझी तत्त्वं घेऊन दुसऱ्या ॲपवर जाऊन बसलो तर तिथे मी एकटा. सोनं घ्यायला येणारी माणसं जिथे आहेत तिथेच मला राहावं लागतं.

शिवाय एक प्रामाणिक प्रश्न. गरीब शेतकऱ्याला मोफत मिळतंय म्हणून तर तो हे वापरू शकतो. प्रत्येक गोष्टीला महिन्याला पैसे द्या म्हटलं तर ही खासगी जपण्याची चैन पैसेवाल्यांचीच होणार. तुमच्या तत्त्वांत त्याचं काय?

---

गिरणाकाठ (भडगाव)

शेठ, दुसरा प्रश्न मलाही सतावतो. पण बघा, ॲप मोफत मिळालं मला, आणि माहिती गेली गिऱ्हाइकांची. त्यांना कोणी विचारलंच नाही. माझ्या सोयीची किंमत त्यांनी दिली, आणि माझ्यापेक्षा त्यांची ऐपत कमी आहे. म्हणून मी स्वतःचे फोटो कुठे ठेवतो यापेक्षा दुकानाचं आधी बघायचं ठरवलंय.

व्हॉट्सॲपबद्दल तुमचं पटतं. पण भावाचा मेसेज वेगळा आणि उधारीची बाकी वेगळी. भाव चौकात फळ्यावर लिहिला तरी चालतो.

---

पांझरेचं पाणी (धुळे, सध्या पुणे)

गिरणाकाठ, शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. सगळं एकदम सोडायला निघालेली माणसं महिन्याभरात परत येतात. आधी वेगळं करायचं: काय चौकात चालेल, काय गल्ल्याखालीच राहायला हवं.

सराफकट्टा, तुमची अडचण खरी आहे, पण ती सगळ्या सेवांना सारखी लागू नाही. काही सेवा बदलायला आपल्याबरोबर गाव यावं लागतं, काहींना नाही. यूपीआय बघा. तुमच्या काउंटरवरचा क्यूआर कोणत्याही कंपनीचा असो, गिऱ्हाईक कोणत्याही ॲपने पैसे देऊ शकतं. मी आज फोनपे सोडून भीम घेतलं तर समोरच्याला कळतही नाही. तरी देशातले जवळपास ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांवरच होतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नको, असा नियम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२० मध्ये काढला. त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत आणलीय. नियमाची वाट न बघता आपला एक व्यवहार इकडचा तिकडे करणं आपल्या हातात आहे. भीम एनपीसीआयचंच आहे, ३० डिसेंबर २०१६ ला निघालेलं.

ईमेलही तसंच. प्रोटॉनवरून जीमेलला मेल जातो आणि उलटही. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, २०११ पासून देशभर. जिथे दार दोन्ही बाजूंनी उघडतं तिथे बदल आजच करता येतो. व्हॉट्सॲपचं दार आपल्याकडे बंद आहे. युरोपने कायदा करून ते बाहेरच्या ॲपसाठी उघडायला लावलंय.

उधारीसाठी माझा सल्ला: दुकानात संगणक असेल तर लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, लिहा. मोफत आहे, आणि त्यामागे एक ना-नफा संस्था आहे. फाइल तुमच्याच संगणकावर राहते. संगणकाला पासवर्ड, आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर. जीएसटीसाठी टॅली असेलच, तर त्यातही उधारीचं खातं ठेवता येतं, तोही डेटा तुमच्याच मशीनवर.

---

खादीवाले गुरुजी (अमळनेर)

मी निवृत्त शिक्षक. मोबाइल उशिरा घेतला, पण विषय माझ्या जवळचा आहे म्हणून लिहितो.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. खादी आणि ग्रामोद्योग हा तिथे जिवाचा विषय होता. आमच्या घरातली वडीलधारी माणसं पायी गेली होती. त्या पिढीला अंगावरचं कापड कोणी विणलं आणि त्याचे पैसे कोणाच्या घरात जातात, हे विचारायची सवय होती. जाडंभरडं टोचायचं, लवकर मळायचं, तरी घालायचे. गिरणीचं कापड स्वस्त आणि मऊ होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

आज आपण दिवसभर हातात धरतो ती वस्तू कोणाची, हे कोणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: शक्य तिथे भारतीय सेवा घ्यावी. पैसा इथे राहावा, काम इथल्या पोरांना मिळावं. झोहोसारखी सॉफ्टवेअर कंपनी १९९६ पासून बाहेरचं भांडवल न घेता आणि जाहिराती न विकता उभी आहे, तामिळनाडूच्या तेनकाशीसारख्या गावाकडच्या भागात बसून काम करते. खानदेशातली पोरं शिकून पुण्या-मुंबईला जातात. असं काही आपल्याकडे का होऊ नये?

---

आरसी_शिरपूर (शिरपूर, विद्यार्थिनी)

गुरुजी, नमस्कार. तुमचं वाचून आजोबांची आठवण आली. एक मतभेद मांडते, रागावू नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये झोहोच्या अरट्टई या मेसेजच्या ॲपची लाट आली तेव्हा आमच्या होस्टेलमध्ये सगळ्यांनी ते घेतलं. पण त्या वेळी त्यात कॉल एन्क्रिप्टेड होते, साधे मेसेज नव्हते. कंपनीने ते नंतर आणायला सुरुवात केली. म्हणजे ‘आपलं’ असणं आणि ‘खासगी’ असणं ही दोन वेगळी मोजमापं झाली. गिरणाकाठ काकांच्या गिऱ्हाइकाला त्रास देणारं ॲप देशीही असू शकतं. टेलिग्राम खासगी आहे, असाही लोकांचा समज आहे. तिथले साधे चॅट आणि ग्रुप एंड-टू-एंड नसतात, ‘सीक्रेट चॅट’ वेगळं उघडावं लागतं. वर्गातल्या निम्म्या मुलींना हे माहीत नव्हतं.

माझ्यापुरतं सांगते. ब्राउझर फायरफॉक्स, मराठीत चालतो. त्याचेही बरेचसे पैसे गूगलकडूनच येतात, सर्च आपला ठेवण्यासाठी. हे कळलं तेव्हा खट्टू झाले होते. पण त्यामागे ना-नफा संस्था आहे, कोड उघडा आहे, आणि जाहिरातवाल्यांचा पाठलाग तो मुळातच बराच अडवतो, म्हणून वापरते. मैत्रिणींशी सिग्नल या मेसेजच्या ॲपवर बोलते. ते देणग्यांवर चालतं, जाहिराती नाहीत. मात्र खातं उघडायला मोबाइल नंबर लागतोच, ते मला खटकतं.

अजून एक तत्त्व आहे ज्याबद्दल इथे कोणी बोललं नाही: वस्तू टिकवणं. दादाचा जुना लॅपटॉप विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून भंगारात जाणार होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, चाळीसगावच्या एका दुकानातून आणली. प्रोजेक्ट सगळं त्यावरच केलं. नवीन यंत्र विकत न घेणं हीसुद्धा निवडच आहे.

---

पाड्यावरची ताई (अक्कलकुवा)

मी अंगणवाडी सेविका आहे. तुमचं सगळं वाचलं. तुम्ही निवडीबद्दल बोलताय, आम्हाला निवड नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

पाड्यावरच्या प्रत्येक बाळाचं वजन, उंची, गरोदर बाईची माहिती, आधार, फोटो, सगळं मोबाइलवर भरायचं. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, आणि ॲप इंग्रजीत होतं. आमच्याकडे नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. आता आहार द्यायच्या वेळी आईचा चेहरा फोनला दाखवावा लागतो. बाई रोजंदारीला सुरतकडे गेलेली असते, पोर आजीजवळ. चेहरा जुळत नाही. मी काय त्या पोराला उपाशी ठेवू?

आणि ज्या बाईचा फोटो मी काढते, ती विचारते, ताई हा फोटो कुठे जातो? ती पावरी बोलते. मी तिला तिच्या भाषेत सांगते, वर सरकारकडे जातो. त्यापुढचं मलाही कोणी सांगितलेलं नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान आले होते. सगळ्या देशाच्या आधी आमच्या माणसांचे अंगठे घेतले. आधी विचारायलाही आमच्याकडेच यायला हवं होतं.

माझ्या हातात जे आहे ते मी करते. आयांचा ग्रुप केला तेव्हा त्यात कोणाच्या बाळाचं वजन टाकत नाही. तीव्र कुपोषित बाळाचा फोटो कोणी मागितला तरी ग्रुपवर देत नाही, साहेबांनी मागितला तरी. समोर येऊन बघा म्हणते.

---

गिरणाकाठ (भडगाव)

ताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ‘समोर येऊन बघा’ हे तुम्ही साहेबांना म्हणता, त्याला हिंमत लागते. माझ्या दुकानात मला अडवणारा साहेब नाही. मग मी काही बदललं नाही तर माझ्याकडे सबब कुठली?

---

बोलू अहिराणी (साक्री)

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. आमना गावमा बी असंच शे.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. ताईंच्या मुद्द्याला जोडून: माझ्यासाठी सेवा निवडताना भाषा हे पहिलं तत्त्व आहे. ज्या सेवेत आमच्या बोलीला जागा करता येते ती मला जवळची वाटते. मोठ्या कंपनीच्या भाषांच्या यादीत अहिराणी यायची तर ती कंपनीने ठरवायचं. लोकांनी मिळून चालवलेल्या सेवेत आपण स्वतः काम सुरू करू शकतो. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये असाच सुरू झाला, हौशी माणसांच्या बळावर. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशाही तसाच, २००४ पासून. आमच्या पोरांनी त्यावर सातपुड्याकडचे पाडे, विहिरी, पायवाटा टाकायला घेतल्यात. पाड्याचं नाव तिथली माणसं म्हणतात तसं लिहितो. रस्ता चुकीचा दिसला तर आपणच दुरुस्त करतो, कोणाला अर्ज करावा लागत नाही. ती माहिती पुढे कोणालाही वापरता येते, सरकारलाही, ताईंच्या खात्यालाही.

ताई, तुमचे पाडे त्यात आहेत का बघून सांगाल? नसतील तर आपण टाकू. घरं आणि माणसांची नावं नाहीत टाकायची, नुसत्या वाटा, पाणी आणि अंगणवाडी.

---

पाड्यावरची ताई (अक्कलकुवा)

बघितलं. दोन पाडे आहेत, बाकीचे नाहीत. नाल्याच्या पलीकडचा पाडा तर कुठल्याच नकाशात नाही. पावसाळ्यात रुग्णवाहिकेला वाट सांगताना घसा सुकतो. कसं टाकायचं ते कळवा, मी आणि आशाताई मिळून करू.

---

केळीचं रान (रावेर)

जरा धंद्याच्या अंगाने. आमच्याकडे केळीचा भाव रोज ग्रुपवर येतो, बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा. व्यापारी, शेतकरी, ट्रकवाले, कापणीवाले सगळे एकाच ग्रुपात. गेल्या सालापासून एक बघतोय: शेतकरी आपल्या बागेचे फोटो टाकतात, किती झाडं, किती दिवसांत कापणीला येणार. व्यापाऱ्याला आठवडाभर आधी कळतं कोणाची केळी झाडावर पिकायला आलीय, म्हणजे कोण अडचणीत आहे. मग भाव पाडून मागतो. यात कंपनीचा काही दोष नाही. आपणच आपली अडचण जगाला दाखवतो.

म्हणून आम्ही शेजारच्या शिवारातल्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांशिवायचा वेगळा ग्रुप केला, तो सिग्नलवर. सगळे आले नाहीत. वडील मंडळींना दोन ॲपचा घोळ नको वाटतो, त्यांची मुलं आलीत. भावाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर तसाच आहे, तिथे आता भाव बघतो, फोटो टाकत नाही. कापणी एकमेकांत ठरवतो, मग सगळे मिळून व्यापाऱ्याशी बोलतो. एकट्याने ॲप बदलून मला काही मिळालं नसतं.

गुरुजींच्या मुद्द्यावर: खानदेशाने सहकारात सूतगिरण्या, साखर कारखाने, दूध संघ काढले. त्यातले किती बुडाले तेही आपण बघितलं, त्यामुळे सहकार म्हटलं की लोक हात झटकतात. तरी वाटतं, भावाचं आणि कापणीचं ॲप आपल्या शेतकऱ्यांच्या मालकीचं का नसावं? बंगळुरूत २०२२ पासून नम्मा यात्री चालतंय. रिक्षावाल्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन उभं केलेलं, प्रत्येक फेरीमागे कमिशन नाही, कोड सगळ्यांना उघडा. रिक्षाचं होतं तर केळीचं का नाही?

---

कोर्टाच्या पायरीवर (जळगाव)

वकिली करते, म्हणून कायद्याचं थोडक्यात.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांपासून अठरा महिन्यांचा अवधी आहे.

गिरणाकाठ, तुमच्या कामाच्या गोष्टी अशा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे. काम संपल्यावर माहिती पुसायला सांगता येते. संमती घेताना माणसाला ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहे. अहिराणी, भिली, पावरी त्यात नाहीत, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे. ज्या बाईचा फोटो घेतला जातो, तिच्या भाषेत तिला सांगायचं काम कायद्याने ताईंसारख्यांच्या माणुसकीवर सोडलंय.

दुसरं, वही कागदाची असेल तर हा कायदा लागू होत नाही. संगणकावर आणली की गिऱ्हाइकांची माहिती सांभाळायची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरही येते. घरगुती वापराला सूट आहे, दुकानाला नाही.

तिसरं, कर्जाचं. ॲपवरून कर्ज देणाऱ्यांनी फोनमधले नंबर, कॉलची यादी, फाइली बघायच्या नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. नंबर मागणारं कर्जाचं ॲप दिसलं की तिथूनच मागे फिरा. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन लावून बेअब्रू केल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. त्यातली एक मुलगी कॉलेज सोडून घरी बसली होती. माणसं अब्रूसाठी किती टोकाचं पाऊल उचलतात ते मी रोज बघते, त्यामुळे या बाबतीत मला मवाळ बोलता येत नाही.

---

खादीवाले गुरुजी (अमळनेर)

आरसी बेटा, राग कसला. तुझा मुद्दा मी मान्य करतो. देशी आहे म्हणून आत काय चाललंय ते बघायचंच नाही, हे खादीवाल्यांनाही मान्य झालं नसतं. मी यादीत तुझं मोजमाप पहिलं ठेवतो आणि माझं दुसरं. दोन सेवा सारख्याच विश्वासाच्या असतील तर देशी घेईन.

केळीवाले भाऊ, सहकार बुडाला तिथे बहुतेक वेळा हिशोब सभासदांपासून लपवला गेला होता. तुमचं ॲप झालं तर हिशोबही सगळ्यांना दिसेल असं करा.

---

सराफकट्टा (जळगाव)

वकील ताईंचं वाचून आज दुकानातल्या पोराला बसवून बघितलं. भावाच्या ग्रुपात प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. सोनं घेणाऱ्यांची आयती यादी! चोराच्या हाती लागली तर? हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता ब्रॉडकास्ट यादी करतोय, म्हणजे प्रत्येकाला वेगळा मेसेज जाईल आणि कोणाचा नंबर कोणाला दिसणार नाही. ॲप तेच, पण एवढं तर आज होतंय.

---

गिरणाकाठ (भडगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर होईल.

ॲपमधून सगळा हिशोब फाइल करून काढून घेतला. ती सोय मेनूत फार आत दडवलेली आहे, अर्धा तास शोधावी लागली. मग खातं पुसायची विनंती टाकली. नुसतं ॲप फोनमधून काढलं तर त्यांच्याकडची माहिती तशीच राहते, हे लक्षात ठेवा. उत्तर अजून आलेलं नाही, पाठपुरावा करतोय.

उधारी परत वहीत. बेरजेसाठी कॅल्क, त्यात नावांऐवजी वहीतला पान नंबर लिहितो. म्हणजे ‘पान ४२, डीएपी दोन गोणी, बाकी इतकी’. पेन ड्राइव्ह हरवला तरी तो कोणाचा आकडा हे कळणार नाही. ही कल्पना बायकोची. काउंटरवर दुसरा क्यूआर लावला, भीमचा. गिऱ्हाइकांना फरक पडला नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप ठेवलाय, त्यावर बियाणं आल्याची खबर आणि फवारणीची माहिती एवढंच. बाकीची आठवण द्यायची असेल तर मी स्वतः फोन करतो, तोही माणूस शेतात असेल अशा वेळी, म्हणजे घरात कोणी ऐकत नाही.

ज्या गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं होतं, त्यांच्या घरी जाऊन आलो. बियाणं कंपनीच्या माणसाने दुकानदारांना दुसरं एक ॲप देऊ केलंय, त्यावर सूट आहे. वकील ताई, त्याची संमतीची पानं मराठीत मागितलीत. आली की इथे टाकू का? तुम्ही एकदा नजर घालाल?

---

कोर्टाच्या पायरीवर (जळगाव)

टाका की. दुकानाचं नाव आणि तुमचा नंबर झाकून टाका. ‘सहयोगी संस्थांना माहिती देण्यात येईल’ असं वाक्य कुठे आहे ते आधी शोधा, मी तिथूनच वाचायला सुरुवात करते.